दूध आणि साय

दुधापेक्षा साय गोड, असं म्हणत आपण नातवंडांच्या लाडांना कायमची सूट देऊन टाकलेली आहे. या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत असते. दूध दुसऱ्या कुणीतरी तापवलेलं आहे. आईबापांनी रात्री जागायचं, ओरडायचं, फीच्या तारखा लक्षात ठेवायच्या आणि आजी-आजोबांनी गोष्टी सांगायच्या. वाटणी सगळ्यांच्याच सोयीची. पण मधली पिढीच गळून पडली तर? कुणी अकाली जातं, कुणी तुरुंगात असतं, कुणाला व्यसनानं खाल्लेलं असतं, कुणी मनाच्या आजारानं पार कोसळलेलं असतं, कुणी पोटासाठी दूर गेलेलं असतं आणि 'सहाच महिने' म्हणता म्हणता सहा वर्षं होतात. मग साठी ओलांडलेली एक बाई पुन्हा दूध तापवायला उभी राहते.

लोक तिला म्हणतात, "खरंच, धन्य आहे तुमची." आणि आपापल्या घरी जातात.

या 'धन्य'नं त्या बाईचं बरंच नुकसान केलेलं आहे, असं माझं मत आहे. नात्यातलं मूल सांभाळणं हे प्रेमाचं काम आहे, हे एकदा मान्य केलं की त्याला मदत लागते हे मान्य करायची गरज उरत नाही. सरकारं हेच करत आली. आणि मदतीला म्हणून जे स्वयंसेवक पुढे येतात त्यांच्यातले बरेच जण, मनानं कितीही चांगले असले, तरी बाईला ओलांडून थेट मुलाकडे जातात. दोन्ही चुका एकाच समजुतीतून येतात. आजी आहेच, ती कुठे जाणार आहे?

हा विषय एकट्या आजीचा नाही, हेही आधीच सांगून टाकते. मावशी असते, आत्या असते, काका-मामा असतात, कधी विशीतली थोरली बहीण असते. 2009 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत नात्यातल्या संगोपनाची व्याख्या आहे ती अशी: मुलाच्या विस्तारित कुटुंबात, किंवा मूल ज्यांना ओळखतं अशा घरच्या जवळच्या स्नेह्यांकडे होणारं संगोपन, मग ते अधिकृत असो वा आपसांत ठरलेलं. यातले शेवटचे शब्द महत्त्वाचे, कारण जगात बहुतेक ठिकाणी हे आपसांतच ठरतं. किंबहुना ठरतही नाही. रात्री फोन येतो आणि सकाळी मूल दारात असतं, हातात एक पिशवी, पिशवीत दोन कपडे आणि कागद एकही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021च्या जनगणनेतली घरं तपासली तेव्हा आईवडिलांविना नातलगांकडे वाढणारी सुमारे 1,21,000 मुलं निघाली. इतक्या नोंदी ठेवणाऱ्या देशातही हा आकडा शोधून काढावा लागतो.

'तुमचंच तर आहे' हा युक्तिवाद कोर्टांपर्यंत गेलेला आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सरकारनं आईपासून काढून घेतलेल्या भावंडांपैकी दोघांना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. तीच मुलं अनोळखी कुटुंबात ठेवली असती तर त्या कुटुंबाला फोस्टर केअरचा, म्हणजे सरकारनं सोपवलेलं दुसऱ्याचं मूल घरी सांभाळण्याचा, पूर्ण भत्ता मिळाला असता. बहिणीला तो नाकारला, का, तर ती बहीण. 1979 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'मिलर विरुद्ध युआकिम' या खटल्यात सांगितलं की नातं आहे एवढ्या कारणावरून असा भत्ता नाकारता येणार नाही. त्यानंतर 22 वर्षांनी, 2001मध्ये, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या नगर परिषदेविरुद्ध जवळजवळ हाच खटला उभा राहिला. नातेवाईक असलेल्या फोस्टर पालकांना परिषद अनोळखी पालकांपेक्षा पुष्कळच कमी पैसे देत होती. न्यायमूर्ती मनबी यांनी ते धोरण बेकायदा ठरवलं. दोन देश, दोन दशकांचं अंतर, आणि सरकारी वकिलांचा सूर तोच. मला यात दुष्टपणा दिसत नाही. यात हिशेब दिसतो. परक्या माणसाला पैसे दिले नाहीत तर तो मूल घेणार नाही. आजीला दिले नाहीत तरी ती घेणारच. तिच्या मायेवर सरकारनं बचत केली.

आणि गंमत अशी की हे संगोपन मुलांना मानवतं. नात्यात वाढलेली मुलं आणि अनोळखी फोस्टर कुटुंबात वाढलेली मुलं यांची तुलना करणाऱ्या 102 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. नात्यात राहिलेल्या मुलांचं वागणं, मानसिक आरोग्य आणि एकाच घरात टिकून राहणं हे सरासरीनं बरं निघालं. त्याच आढाव्यात आणखी एक निष्कर्ष आहे, जो फारसा कुणी उद्धृत करत नाही. समुपदेशन, उपचार अशा सेवा फोस्टर कुटुंबातल्या मुलांना जास्त मिळाल्या होत्या. आता कुणी म्हणेल, नात्यातल्या मुलांना गरजच कमी असेल. काही अंशी असेलही. पण ज्या मुलानं आई गमावली त्याला आजीच्या घरी गेल्यावर समुपदेशन लागत नाही आणि परक्याच्या घरी गेल्यावर लागतं, हे मला पटत नाही. परक्याच्या घरी कुणीतरी अधिकारी येऊन विचारतो. आजीच्या घरी कुणी येत नाही.

मग यायचं कुणी? इथे स्वयंसेवक आले.

मी स्वतः काही काळ अशा एका घरी दर आठवड्याला जात होते. पहिल्या दिवशी मी तयारीनिशी गेले. रंगीत खडू, चित्रांची पुस्तकं, दोन कोडी. नातू सात वर्षांचा, नात चारची. आजींनी दार उघडलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, आणि विचारलं, "ताई, तुम्ही तासभर तरी आहात ना?" मी हो म्हटलं. "मग मी जरा आडवी होते," म्हणाल्या आणि आत जाऊन झोपल्या. मला तेव्हा थोडा राग आला होता, हे कबूल करते. मी एवढी आले, चहापाणी राहू दे, दोन शब्द तरी बोलतील. तो तास संपेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पडला दोन आठवड्यांनी, त्या म्हणाल्या तेव्हा: "दिवसा डोळा लागला की भीती वाटते हो, धाकटी दार उघडून बाहेर गेली तर." म्हणजे इतके महिने दिवसा झोपायची सोयच नव्हती. त्या घराला माझ्या खडूंची नव्हे, माझ्या जागं राहण्याची गरज होती.

स्वयंसेवी कामाबद्दलचं माझं सगळं मत या एका प्रसंगावर उभं आहे असं नाही, पण बरंचसं आहे.

मुलांसाठी काम करणं आकर्षक असतं. मूल हसतं, बिलगतं, फोटो छान येतो. थकलेल्या म्हातारीसाठी काम करण्यात असं काही नाही. ती तक्रार करते. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगते. तुमच्या सल्ल्यावर "बघू" म्हणते आणि बघत नाही. म्हणून संस्था सहली काढतात, वाढदिवस साजरे करतात, दप्तरं वाटतात. या सगळ्याचा मुलावर होणारा एक परिणाम आपण लक्षातच घेत नाही. बाहेरचा दादा येतो तेव्हा मजा असते, तो नवीन वस्तू आणतो, ओरडत नाही. आजी मात्र रोज दात घासायला लावते. आधीच त्या मुलाच्या मनात 'माझे खरे आईबाबा असते तर' हे चालूच असतं; त्यात हा पाहुणा आणखी एक तुलना पुरवून जातो. सायीचा मान स्वयंसेवकानं घेतला आणि आजीकडे नुसतं दूध उरलं. ज्या नात्यात तिला लाड करायचा हक्क होता, तोही गेला.

आणि दादा कायमचा येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या मार्गदर्शक-मित्र उपक्रमाचा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मैत्रीचा किशोरवयीन मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. पहिल्या तीन महिन्यांतच जी नाती तुटली, त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घटला. काहीच न मिळालेल्यांपेक्षाही त्यांची अवस्था वाईट झाली. सोडून जाण्याचा अनुभव या मुलांना नव्यानं देण्याची गरज नसते. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रमाणपत्रासाठी दोन महिने काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी थेट मुलांच्या जवळ पाठवणार नाही. त्यांना संस्थेच्या कार्यालयात फायली लावू द्याव्यात. फायली लावणारा गेला तर फाइल रडत नाही.

मग स्वयंसेवकानं करायचं काय? माझं उत्तर रुक्ष वाटेल: कागद, वेळ आणि कान.

कागदाचं घ्या. दोन पिढ्यांच्या मधली कडी तुटली की पहिल्यांदा कागद तुटतात. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव, वडिलांचं नाव असे दोन रकाने असतात आणि खाली त्यांच्या सह्या. दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर विचारतात, तुम्ही कोण? आजी म्हणते, मीच सगळं. पण 'मीच सगळं' हा कायद्यातला शब्द नाही. भारताचं उदाहरण घ्यायचं तर 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि आई आहेत, आजी-आजोबा नाहीत. त्याच कायद्याचं अकरावं कलम सांगतं की केवळ प्रत्यक्षात सांभाळ करतो म्हणून कुणाला अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येणार नाही. हेतू चांगला आहे, मुलाची जमीन काकानं विकू नये. पण रीतसर पालक व्हायचं तर 1890च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि सत्तरीच्या बाईला ते चढण डोंगराएवढं असतं. मिशन वात्सल्यसारख्या योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी दरमहा मदतीची तरतूद आहे, पण तीही आपोआप दारात येत नाही. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, समितीपुढं हजेरी. मृत्यूचा दाखला मिळतो. बेपत्ता झालेल्या, किंवा जिवंत असून न येणाऱ्या बापाचा दाखला कुठला आणायचा?

इथे एक शहाणा स्वयंसेवक कायद्याच्या पदवीशिवायही फार मोठं काम करतो. तो सगळे कागद एका फाइलमध्ये लावतो, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढतो, कुठल्या खिडकीवर कुणाला भेटलो आणि त्यानं काय सांगितलं हे तारखेसकट लिहून ठेवतो. आणि रांगेत सोबत उभा राहतो. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला "उद्या या" म्हणणं जेवढं सोपं असतं, तेवढं वही घेऊन शेजारी उभ्या असलेल्या माणसादेखत नसतं.

वेळेचं मी वर सांगितलंच. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात 1973 साली मार्गारेट हॅरिसन यांनी 'होम-स्टार्ट' सुरू केलं. लहान मुलं असलेल्या आणि अडचणीत सापडलेल्या घरी प्रशिक्षित स्वयंसेवकानं आठवड्यातून काही तास जायचं, एवढीच कल्पना. तो स्वयंसेवक तपासायला जात नाही, शिकवायला जात नाही. कामात हात लावतो, सोबत बसतो. पन्नास वर्षं झाली, कल्पना टिकून आहे. तिच्यात दिखाऊ काहीच नाही, म्हणूनच टिकली असावी.

आणि कान. या घरांत एक दुःख असतं, त्याला बसायला जागा नसते. ज्या मुलाचं मूल आजी सांभाळते, ते तिचं स्वतःचं मूल होतं. तो मेला असेल तर ती आई म्हणून उद्ध्वस्त आहे, पण नातवासमोर रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं आहे. तो तुरुंगात किंवा व्यसनात असेल तर आणखी कठीण, कारण मेलेल्यासाठी रडता तरी येतं. समाजाची मान्यता नसलेल्या अशा शोकाला अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989मध्ये एक संज्ञा दिली. मराठीत तिला मी 'हक्क नाकारलेला शोक' म्हणेन. त्यात रोजचे पेच. लेक अचानक दारात येते, पैसे मागते, "माझं पोर मला द्या" म्हणते. दार लावावं तर स्वतःच्या मुलीच्या तोंडावर, उघडावं तर नातीच्या जिवाला घोर. असा निर्णय रात्री अकरा वाजता एकटीनं घ्यायचा. पुस्तकी उत्तर देणारा माणूस तिथे काही कामाचा नाही. सकाळी येऊन 'मग काय झालं?' एवढंच विचारून गप्प बसणारा हवा.

गप्प बसणं शिकवता येतं, असा अनुभव आहे. झिंबाब्वेमध्ये मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारेच्या एम्बारे भागात 14 आजींना घेऊन 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाक. त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी बसते आणि समोरच्या माणसाची अडचण ऐकून ती सोडवायचा एक-एक टप्पा त्याच्याकडूनच काढून घेते. तिथल्या शोना भाषेत मनाच्या खचलेल्या अवस्थेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं; आजी नैराश्य वगैरे शब्द वापरत नाहीत. 573 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2016मध्ये आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बाकावर बसलेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी बरीच कमी होती. यावरून 'पाहा, माया सगळं करते' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, तो आवरावा. त्या आजींना प्रशिक्षण होतं, ठरलेली पद्धत होती, अडचण आली तर विचारायला वरचा माणूस होता. मायेला शिस्तीची जोड होती.

म्हणून स्वयंसेवकांबद्दल मला कडक नियम पसंत आहेत. निवड करताना पार्श्वभूमी तपासा. किमान एक वर्ष. ठरलेला वार, ठरलेली वेळ. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप. भेटवस्तू द्यायची तर आजीच्या हातात द्या, मुलाला तिनं द्यावी. घरातली गोष्ट बाहेर नाही. फोटो नाहीत. हे ऐकून काही जण म्हणतात, फुकट काम करणाऱ्यावर एवढी बंधनं घातली तर कोण येईल? कमी लोक येतील. चालेल.

एक वेगळी वाट आहे, तिच्याबद्दल माझं मन थोडं दुभंगलेलं आहे. आजींनाच आजींचं स्वयंसेवक करायचं. ब्रिटनमध्ये 2001 साली समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांच्या पुढाकारानं 'ग्रँडपेरेंट्स प्लस' ही संस्था निघाली. तिचंच आता 'किनशिप' असं नाव आहे. हे तेच यंग ज्यांनी 1950च्या दशकात पूर्व लंडनमधल्या कामगार वस्तीत फिरून दाखवलं होतं की तिथली कुटुंबं आजीभोवती फिरतात. अशा संस्थांच्या गटांत नात्यातली मुलं सांभाळणारे लोक एकमेकांना भेटतात. न्यूझीलंडमध्ये 1999पासून आजी-आजोबांचीच एक विश्वस्त संस्था हे काम करते. कॅनडातल्या आज्यांनी 2006पासून आफ्रिकेत एड्सनं अनाथ झालेली नातवंडं वाढवणाऱ्या आज्यांसाठी पैसा उभा केला, आणि अनाथाश्रम बांधण्याऐवजी तो या आज्यांसोबत काम करणाऱ्या तिथल्या स्थानिक संघटनांकडे दिला. समदुःखी माणसापुढे स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही, 'तुमचा मुलगा काय करतो?' या प्रश्नाची भीती नसते. हे मोल मोठं आहे. पण थकलेल्याला थकलेल्याच्या मदतीला लावून आपण मोकळे होतो की काय, अशी शंका मला येत राहते. ज्या बाईला दुपारी झोपायला मिळत नाही तिला गटाची बैठक बोलवायला लावणं हा पुन्हा तिच्याच मायेवरचा हिशेब झाला. गट त्यांचे असावेत. सतरंज्या घालायला, मुलं सांभाळायला आणि फोन लावायला दुसरे हात असावेत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. स्वयंसेवक आले की सरकार हात झटकतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तरीही मी स्वयंसेवकांच्या बाजूनं आहे. का, ते दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणानं सांगते. एड्समुळे तिथे लाखो मुलं आज्यांकडे आणि मावश्यांकडे आली. साधा बालभत्ता कमी होता, फोस्टर केअरचा भत्ता कितीतरी जास्त. साहजिकच नातेवाइकांना फोस्टरच्या वाटेनं पाठवलं गेलं. पण त्यासाठी समाजसेवा अधिकाऱ्याचा अहवाल लागतो, बालन्यायालयाचा आदेश लागतो, आणि तो मुदतीनं पुन्हा करून घ्यावा लागतो. अधिकारी तेवढेच, मुलं कैक पट. आदेशांच्या मुदती संपत गेल्या आणि आज्यांचे पैसे थांबले. 2011मध्ये उच्च न्यायालयाला मध्ये पडून मुदती वाढवाव्या लागल्या. शेवटी 2022 साली नातेवाइकांकडच्या अनाथ मुलांसाठी साध्या बालभत्त्यातच वाढीव रक्कम देण्याची सोय झाली, कोर्टाच्या फेऱ्याशिवाय. दशकभराहून जास्त काळ गेला. असं बिघडलेलं यंत्र कुठल्याही स्वयंसेवकांच्या फौजेनं दुरुस्त झालं नसतं. न्यूझीलंडमध्ये ज्या मुलांना आईबाप सांभाळू शकत नाहीत त्यांच्यासाठीचा भत्ता देताना सांभाळणाऱ्याचं उत्पन्न पाहत नाहीत; मुलाचा तो हक्क आहे, आजीवरचा उपकार नाही. असा निर्णय स्वयंसेवक घेऊ शकत नाही, विधिमंडळ घेतं.

पण त्या दशकभरात ज्या आजीचे पैसे थांबले तिच्या घरी कुणी गेलं असेल तर ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. शिवाय त्यानं वही ठेवली असेल तर मुळीच नाही. शेकडो वह्यांत एकच खिडकी, एकच कारण, तीच तारीख पुन्हा पुन्हा दिसू लागली की ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो. स्वयंसेवी संस्थांनी दरवर्षी 'इतक्या मुलांना दप्तरं दिली' असं छापण्याऐवजी 'इतक्या जणींना इतके दिवस भत्ता मिळाला नाही, कारणं ही' असं छापलं तर सरकारला हात झटकणं अवघड जाईल. अर्थात असं छापणाऱ्या संस्थेला पुढच्या कार्यक्रमाला मंत्री येत नाहीत, ही अडचण आहे.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. नातं म्हणजे सुरक्षितता, असं समीकरण नाही. मारणारे काका असतात, नातीला मोलकरीण करून टाकणारी घरं असतात, मुलाच्या नावावरच्या पैशांसाठी मूल घेणारेही असतात. घरात जाणाऱ्या स्वयंसेवकाला हे दिसू शकतं, आणि दिसलं तर मैत्री बाजूला ठेवून कळवलंच पाहिजे. हे पहिल्याच भेटीत, चांगल्या शब्दांत, सांगून ठेवावं. मात्र दोन गोष्टींत गल्लत होऊ नये. घर अस्ताव्यस्त असणं, मुलाला टीव्हीसमोर बसवणं, आजीचा आवाज चढणं ही थकव्याची लक्षणं आहेत, छळाची नव्हेत. ती पाहून वर कळवण्याआधी स्वयंसेवकानं स्वतःला विचारावं, गेल्या महिन्यात ही बाई सलग किती तास झोपली?

घरांचाही एक मुद्दा आहे, थोडक्यात सांगते. वृद्धांसाठीच्या घरकुलांत मुलं चालत नाहीत आणि तरुण कुटुंबांच्या घरांत म्हाताऱ्यांचा विचार नसतो. बॉस्टनमध्ये 1998 साली नातवंडं वाढवणाऱ्या आजी-आजोबांसाठी मुद्दाम 26 घरांची इमारत उभी राहिली. आजीला धरायला कठडे आणि मुलांना खेळायला जागा, दोन्ही एकाच छताखाली. सुचायला सोपी कल्पना, पण सुचायला दोन्ही वयं एका घरात राहताना पाहावी लागतात.

शेवटी वयाचा प्रश्न उरतो. तो कुणी काढत नाही, कारण तो अभद्र वाटतो. आजी बाहत्तर, नात सहा. नात अठरा होईल तेव्हा आजी चौऱ्याऐंशीची. हे गणित आजीनं कधीच मांडलेलं असतं, रात्री, एकटीनं. ज्या घरी मी जात होते तिथे ते एकदा दिवसाढवळ्या निघालं. आम्ही बँकेचा फॉर्म भरत होतो. वारसाच्या रकान्यापाशी आजी थांबल्या. म्हणाल्या, "इथे पोरांचं नाव लिहा. पण पोरांचा वारस कोण, ते कुठे लिहायचं?" असा रकाना त्या फॉर्मवर नव्हता. मी पेन खाली ठेवलं. मग आम्ही एका कोऱ्या कागदावर नावं लिहायला घेतली: कोण आहे, कुठे राहतं, मुलांना कुणाचा लळा आहे, कुणाला विचारायचं धाडस आहे, कुणाला नाही. चार नावं झाली. त्यांतली दोन आजींनीच खोडली. उरलेल्या दोघांना फोन करायला अजून तीन आठवडे लागले, आणि पहिला फोन त्यांनी मी शेजारी बसलेली असताना केला.